ओळख, वशिला आणि नोकरी: नागपुरात नेमकं करायचं काय?

गो_नोगो
मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. क्वालिटीत सहा वर्षं काढली, चार इथं नागपूरजवळ बुटीबोरी एमआयडीसीत, दोन पुण्याजवळ चाकणला. मग मुलगी झाली, पाठोपाठ सासऱ्यांचं आजारपण, आणि आम्ही नागपूरला परत आलो. त्याला साडेतीन वर्षं झाली. मुलगी आता शाळेत जाते. मार्चपासून नोकरी शोधून राहिली आहे. साइटवर अर्ज टाकते, 'ॲप्लिकेशन व्ह्यूड' दिसतं, पुढे शांतता.

घरीदारी एकच सल्ला: "ओळख काढ." म्हणून नवऱ्याच्या मामांना सीव्ही दिला. मामा उत्साही. त्यांनी तो चार व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, फोन नंबरासकट. त्यातला एक ग्रुप त्यांच्या लेआउटमधल्या पाणीपुरवठ्याच्या तक्रारींचा. तेव्हापासून मला विम्याचे फोन येतात, प्लॉटचे येतात, 'घरबसल्या कमवा'वाले येतात. नोकरीचा एकही नाही.

वशिला मला नको आहे. पण 'नेटवर्किंग करा' म्हणतात ते उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं असतं? कोणाला लिहायचं, काय लिहायचं? तीन-चार वर्षं ज्यांच्याशी बोलणं नाही त्यांना एकदम "नोकरी आहे का" विचारायची लाज वाटते, खरं सांगते.

संत्रा_मार्केट
खुणेसाठी लिहून ठेवतो, धागा परत सापडावा म्हणून. माझ्या भावाचीही हीच गत आहे.

मिहानचा_पक्षी
बुधवार, सकाळी ८:१५

ताई, मी आयटीतला. तुमचं क्षेत्र वेगळं, पण आमच्याकडे रेफरल आतून कसा चालतो ते सांगतो. बऱ्याच जणांना वाटतं आतला माणूस शब्द टाकतो आणि काम होतं. तसं नसतं. कंपनीच्या आतल्या पोर्टलवर आम्ही जॉब आयडी निवडून उमेदवाराचा रेझ्युमे चढवतो, तुम्हाला एक मेल येतो, तुम्ही माहिती भरता. बस. माझा शब्द तिथं फक्त "या माणसाला मी ओळखतो" एवढा असतो. मात्र तो रेझ्युमे माणसाच्या नजरेखालून जायची शक्यता वाढते. उमेदवार लागला आणि ठरलेले महिने टिकला तर मला बोनस मिळतो, म्हणजे रेफर करून मी उपकार करत नाही. मागताना एवढं संकोचू नका.

दोन गोष्टी. एक, जॉब आयडी तुम्हीच शोधून द्या. "तुमच्याकडे काही असेल तर बघा" असं लिहिलं की ते बघणं राहूनच जातं. दोन, आधी कुठल्या कन्सल्टन्सीमार्फत किंवा स्वतः अर्ज केला असेल तर अनेक कंपन्यांत काही महिने रेफरल धरतच नाहीत, सिस्टिम 'डुप्लिकेट' दाखवते. म्हणून जिथं ओळखीचा माणूस आहे तिथं अर्ज टाकायच्या आधी त्याला विचारा. उलटं केलं की गाडी अडकते. माझ्या चुलतभावाचं असंच झालं, मी पोर्टल उघडून बसलो आणि साहेब आदल्याच रात्री अर्ज करून मोकळे झाले होते.

शिक्का_मोर्तब
बुधवार, सकाळी ९:०२

म्हणजे वशिल्याला इंग्रजी नाव दिलं की तो नेटवर्किंग होतो. चालू द्या.

फुटाळ्याची_हवा
बुधवार, दुपारी १:३०

मी एचआरमध्ये आहे, मॅन्युफॅक्चरिंगमध्येच, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.

शिक्काभाऊ, फरक आहे. वशिल्यात निकाल आधी लागतो, मुलाखत नंतर होते. ओळखीत कागद टेबलापर्यंत येतो, एवढंच. क्वालिटीच्या जागेसाठी आमचे प्लँट हेड समोर ड्रॉइंग ठेवतात आणि पोझिशन टॉलरन्स, म्हणजे भोक ठरल्या जागेपासून किती सरकलं तर चालतं, ते समजावून सांगायला लावतात. तिथं मामा कामाला येत नाही.

कागद टेबलापर्यंत येणं हेच अवघड का, तेही सांगते. जाहिरात टाकली की एका क्वालिटी इंजिनिअरच्या जागेला डिप्लोमावाले, फ्रेशर, सिव्हिलवाले, सगळे अर्ज करतात. मी ते चाळते तेव्हा गॅप दिसली की बोट पुढे सरकतं. वाईट आहे, पण सरकतं. कोणी आधी सांगितलं असेल की "ही बाई सप्लायरचं काम चांगलं करायची, घरच्या कारणाने थांबली होती", तर तेच बोट थांबतं. गॅपचं कारण सीव्हीत एका ओळीत लिहून टाका. लपवलेली गॅप जास्त मोठी दिसते.

गो_नोगो, तुम्ही जुन्या लोकांना काय लिहिता ते इथं टाका बरं. नावं काढून.

गो_नोगो
बुधवार, रात्री ९:५०

हे लिहिलं होतं माझ्या जुन्या मॅनेजरना. निळ्या टिक आल्या, उत्तर नाही:

"नमस्कार सर, ओळखलंत का? मी सध्या नोकरीच्या शोधात आहे. आपल्या कंपनीत किंवा आपल्या ओळखीत काही जागा असल्यास कृपया कळवावे. सीव्ही सोबत जोडला आहे. धन्यवाद."

फुटाळ्याची_हवा
बुधवार, रात्री १०:२५

"ओळखलंत का?" हे काढा. नाही ओळखलं तर माणूस ओशाळतो, आणि ओशाळलेला माणूस उत्तर देत नाही. ओळख पटवणं तुमचं काम. आणि "काही जागा" म्हणजे कुठली? तो विचार तुम्ही त्यांच्यावर टाकला. ते संध्याकाळी बसमध्ये बसून हा निरोप बघतात, मनात म्हणतात "बघू", आणि झालं.

मी असं लिहिलं असतं:

"नमस्कार सर, मी २०१७-१८ मध्ये तुमच्या हाताखाली इनकमिंग इन्स्पेक्शनला होते. ब्रॅकेटच्या प्लेटिंगचं रिजेक्शन वाढलं तेव्हा आपण दोघं सप्लायरकडे गेलो होतो. आता नागपुरात स्थायिक झालेय, सप्लायर क्वालिटी किंवा इन-प्रोसेसचं काम शोधतेय, हिंगणा किंवा बुटीबोरी. एक विचारायचं होतं: तुमच्याकडे सप्लायर क्वालिटी इथल्या प्लँटमधून बघतात की पुण्याहून? शनिवारी दुपारी दहा मिनिटं फोन केला तर चालेल का?"

(बाकीच्यांसाठी: इनकमिंग म्हणजे बाहेरून आलेल्या मालाची तपासणी, इन-प्रोसेस म्हणजे लाइनवर काम चालू असतानाची.) प्लेटिंगचं मी मनाने घातलं, तुमचं जे असेल ते घाला. सीव्ही जोडू नका. मागितला तर पाठवा. ज्या प्रश्नाचं उत्तर समोरच्याला पाठ आहे तोच विचारा, म्हणजे त्याला बोलायला बरं वाटतं. नोकरीचा विषय तोच काढतो, बहुतेक वेळा.

संत्रा_मार्केट
हा निरोप मी चोरतोय. भावाच्या नावाने.

अंबाझरी
गुरुवार, सकाळी ७:१०

लाज वाटण्याबद्दल लिहितो, कारण ती लाज चुकीच्या माणसांबद्दल आहे. मी समाजशास्त्र शिकवायचो.

१९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी अभ्यासकाने एक निबंध छापला. बॉस्टनजवळच्या एका गावातले लोक, नुकतीच नोकरी बदललेले, ओळखीतून नोकरी लागलेले. त्यांना त्याने विचारलं, ज्याने तुम्हाला खबर दिली तो माणूस त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारा म्हणजे आठवड्यातून दोनदा तरी, असे निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६. आणि वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणारे २७.८. म्हणजे रोजचे मित्र मागे आणि जेमतेम आठवणारे पुढे. कारण साधं आहे. जिवलग मैत्रिणीला जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीत असतं, तुम्ही दोघी एकाच पाण्यातल्या मासोळ्या. लांबची ओळख दुसऱ्या तळ्यातली.

त्याच्या लेखात माणसं हेही सांगतात की ज्याचं अस्तित्वच विसरलो होतो त्याच्याकडून खबर आली. तेव्हा चार वर्षं बोलणं नाही हे अडचण म्हणून धरू नका.

बर्डी_टू_बुटीबोरी
गुरुवार, सकाळी १०:४५

सर, २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेलं पण सांगा ना. लिंक्डइनने 'पीपल यू मे नो'चा, म्हणजे ओळखीची माणसं सुचवण्याचा अल्गोरिदम बदलून बदलून दोन कोटींवर लोकांवर पाच वर्षं प्रयोग केले. निघालं असं की अगदी पुसट ओळखीपेक्षा मध्यम पुसट ओळख जास्त कामाची, आणि हे जास्त करून डिजिटल धंद्यांत. जे धंदे कमी डिजिटल, तिथं जवळची ओळखच जास्त चालली. बुटीबोरीतला प्रेस शॉप काही फार डिजिटल नाही. मिहानवाल्याचं गणित ताईंना जसंच्या तसं लागू होईल असं मला वाटत नाही.

अंबाझरी
मान्य. तुम्ही पूर्ण वाचलंय, मी अर्धवट सांगितलं.

जुना_फोरमन
गुरुवार, दुपारी ४:००

पोरी, मी ३१ वर्षं हिंगण्याच्या एमआयडीसीत काढली. हे अभ्यास-बिभ्यास मला समजत नाही, पण जागा कुठं खाली होऊन राहिली हे सर्वांत आधी कोणाला कळते ते मला पक्कं माहीत आहे. एचआरला नाही कळत. एचआरला राजीनामा आल्यावर कळते.

कळते ते गेटागेटावर फिरणाऱ्या माणसाला. टूल सप्लायरचा पोरगा, वेल्डिंग वायरवाला, मोजायची साधनं तपासून देणारा कॅलिब्रेशनवाला, भंगारवाला, ट्रान्सपोर्टवाला. त्याच्या मालाच्या चलनावर दर महिन्याला एकच सही राहते. एखाद्या महिन्यात सही बदलली की तो विचारते, "साहेब सुटीवर का?" वॉचमन सांगते, "साहेब चालले पुण्याला." झालं. त्या पोराच्या डोक्यात पंधरा प्लँटची हालहवाल राहते अन् कोणी त्याला पुसत नाही, कारण तो सप्लायर. आपण त्याला खुर्चीही देत नाही बसायला. मी तर माझे दोन चांगले टर्नर असेच मिळवले, लेथच्या टूलचे इन्सर्ट विकणाऱ्या पोराला पुसून.

दुसरं म्हणजे गेटबाहेरचा पानठेला. पाळी सुटली की तिथं अर्धा तास उभं राहा, अख्ख्या एमआयडीसीचा पेपर वाचल्यासारखं होते.

गो_नोगो
गुरुवार, रात्री १०:०५

काका, सप्लायरवाली गोष्ट फार आवडली. पानठेल्याबद्दल मात्र बोलायचंय.

चार वर्षं बुटीबोरीत मी ते रोज बघितलं. जेवणानंतर सगळे 'जरा येतो' म्हणून गेटबाहेर. खर्रा, चहा, गप्पा. परत येताना त्यांचं ठरलेलं असायचं की नवीन लाइनला कोण जाणार, कुठल्या प्लँटमध्ये वाढ चांगली दिली. मी डबा धुऊन जागेवर. एकदा गेले होते चहा प्यायला. सगळे एकदम सभ्य झाले. हवामानावर बोलायला लागले. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी आत चहा यायला लागला, प्रेमानेच, पण माझं बाहेर जाणं संपलं. हे नेटवर्किंग मी कुठून करायचं?

फुटाळ्याची_हवा
हवामान 😀 अगदी. आमच्याकडे क्रिकेटवर येतात.

जुना_फोरमन
खरं आहे पोरी. आम्हीही असंच केलं असेल. डोक्यात नाही आलं कधी.

बर्डी_टू_बुटीबोरी
शुक्रवार, सकाळी ९:३०

कंपनीच्या बसचं काय? पाऊण-एक तास सकाळी, तेवढाच संध्याकाळी, आणि बायका पुढच्या सीटवर एकत्र. माझी बायको म्हणते बुटीबोरीतल्या तिच्या दोन्ही नोकऱ्या बसमधून आल्या. स्टोअर्सची एक मुलगी सोडून दुसरीकडे गेली, तिने हिला ओढलं. तुमच्या बसमधल्या कोणी आठवतात का? त्या आता चार ठिकाणी पांगल्या असतील.

मिहानचा_पक्षी
आणि लिंक्डइनवर कॉलेजचं पान उघडून 'ॲलम्नाय' टॅब बघा. राहण्याचं ठिकाण नागपूर, काम 'क्वालिटी' अशी चाळणी लावता येते. मोफत खात्यावर कनेक्शनसोबत नोट पाठवायला अक्षरांची मर्यादा असते आणि महिन्याला मोजक्याच नोटा मिळतात, त्या मोठ्या साहेबांवर उधळू नका. तुमच्या दोन-तीन बॅच मागेपुढेवाल्यांना लिहा. ते उत्तर देतात.

प्रोफाइलवर 'ओपन टू वर्क' (नोकरी शोधतेय) ही खूण लावायची तर तुम्हाला सध्या नोकरी नाही, तेव्हा सगळ्यांना दिसेल अशी लावा. जे नोकरीत आहेत त्यांनी 'फक्त रिक्रूटर' निवडावं, तरी आपल्याच कंपनीपासून शंभर टक्के लपेल याची खात्री लिंक्डइनही देत नाही.

शिक्का_मोर्तब
शुक्रवार, रात्री ११:२०

सगळ्यांनी छान सल्ले दिले. आता माझा प्रश्न. ॲलम्नाय टॅब कोणासाठी? ज्याच्या कॉलेजची पोरं आधीच कंपनीत बसली आहेत त्याच्यासाठी. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या गावातून आलो, घरात पहिला डिप्लोमा. माझ्या ओळखीत एक कंडक्टर, दोन मास्तर आणि एक तलाठी. मला पाच वर्षं 'रेफरन्स कोण?' या रकान्यात लिहायला नाव नव्हतं. तुमचं नेटवर्किंग म्हणजे ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच जास्त जाणार. वशिला म्हटलं तर तुम्हाला राग येतो.

फुटाळ्याची_हवा
शनिवार, सकाळी ११:००

राग नाही आला. आमच्या एका विभागात रेफरलने भरत भरत सहापैकी पाच जण एकाच कॉलेजचे झाले, हे मी डोळ्यांनी बघितलंय. नंतर आम्ही दर भरतीत काही जागा अप्रेंटिसमधूनच घ्यायचं ठरवलं. १९६१चा अप्रेंटिस कायदा आहे, ठरावीक आकाराच्या कंपन्यांना अप्रेंटिस घ्यावेच लागतात. ज्याच्याकडे ओळख नाही त्याला वर्षभर आत राहून ती तयार करायचा तो एक सरळ रस्ता आहे. पुरेसा आहे असं मी म्हणणार नाही.

तुम्हाला शेवटी कशी मिळाली?

शिक्का_मोर्तब
अप्रेंटिसशिपमधूनच. मग सुपरवायझर दुसऱ्या प्लँटला गेला, त्याने बोलावलं. हसू नका.

संत्रा_मार्केट
शनिवार, दुपारी २:१५

एक सावधगिरी, जरा विषय सोडून. भावाला 'ओळखीतून' एक गृहस्थ भेटले, सरकारी दवाखान्यात लावून देतो, आधी साठ हजार, ऑर्डर निघाल्यावर बाकीचे. बर्डीवर चहा पाजून कागदही दाखवला, शिक्क्यासकट. आईने दागिन्यांचा डबा काढलाच होता. सरकारी भरती जाहिरात, परीक्षा, यादी अशीच होते, तिथं 'ओळख' सांगणारा माणूस पैसेच खायला आलेला असतो. खाजगीतही मुलाखतीसाठी किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटच्या नावाने पैसे मागितले की तिथून उठायचं.

जुना_फोरमन
लाख बोललास भाऊ.

अंबाझरी
सिव्हिल लाइन्सला उद्योग भवनात विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनचे तांत्रिक सेमिनार होतात. बाहेरच्यांना घेतात का ते फोन करून विचारा, कार्यक्रमागणिक वेगळं असतं. माझा एक विद्यार्थी तिथं चहाच्या वेळेत कोणाशी बोलायचं कळेना म्हणून ताटल्या पुढे करत उभा राहिला आणि त्याच ओघात तिघांशी ओळख झाली. युक्ती म्हणून सांगत नाही, लाजाळू माणसाला हाताला काम लागतं एवढंच.

गो_नोगो
तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:१५

मंडळी, हिशेब देते.

चौदा जणांना लिहिलं. फुटाळाताईंच्या साच्यात, पण प्रत्येकाला वेगळी आठवण घालून. ती आठवण शोधण्यातच एकेक संध्याकाळ जायची. पाच जणांनी उत्तर दिलं. जुन्या मॅनेजरनी दुसऱ्या निरोपाला लगेच फोन केला, पाऊण तास बोलले, त्यातला अर्धा तास त्यांच्या मुलाच्या जेईईवर. जागा नव्हती. एका ठिकाणच्या साहेबांनी तोंडावर सांगितलं की लहान मूल असलेल्या बायकांना आम्ही शॉपफ्लोअरवर घेत नाही. फोन ठेवून मी भाजी चिरायला बसले. त्या दिवशी आणखी कोणाला लिहिलं नाही.

मग काकांचं आठवलं. फोनमध्ये 'गेज कॅलि' नावाने एक नंबर सेव्ह होता. बुटीबोरीत आमची गेजं, म्हणजे मोजायची साधनं, कॅलिब्रेशनला न्यायला येणारे भाऊ. गेल्या सहा वर्षांत एकदाही बोलले नव्हते. तीनदा नंबर काढला, तीनदा बंद केला. शेवटी लावला. नाव सांगितलं तर लक्षात येईना. मग म्हटलं, "इनकमिंगच्या मॅडम", तर म्हणतात, "हां हां, लाल डब्यातला मायक्रोमीटर! त्याचा झीरो कायम बाहेर राहायचा. अन् तुम्ही मला खुर्ची द्यायच्या." काका, तुमची खुर्ची आली बघा.

त्यांना मी एवढंच विचारलं, तुम्ही हिंगणा-बुटीबोरी फिरता, सध्या क्वालिटीत कुठं माणूस कमी दिसतो? ते म्हणाले दोन ठिकाणी सही बदलली आहे. (हो, हेच शब्द.) त्यातलं एक हिंगण्याला, क्वालिटीचा मुलगा महिन्यापूर्वी सोडून गेला, ग्राहकाचं ऑडिट तोंडावर आणि पीपॅपच्या (पार्टला ग्राहकाची मंजुरी घ्यायच्या) फायली अर्धवट. "माझं नाव सांगा, चालते," म्हणाले.

प्लँट हेडना सात ओळी लिहिल्या. पीपॅपचे अठराही घटक मी स्वतः भरून पाठवलेले आहेत, आयएटीएफ १६९४९ची (वाहन उद्योगाचं क्वालिटीचं मानक) इंटर्नल ऑडिटर आहे, फायली बघायला दोन तास येऊ शकते. सीव्ही जोडला नाही. दुसऱ्या दिवशी बोलावलं. समोर एक कंट्रोल प्लॅन, म्हणजे कुठल्या टप्प्यावर काय तपासायचं त्याचा तक्ता, ठेवला आणि गप्प बसले. त्यात रिॲक्शन प्लॅनचा (माल बिघडला तर काय करायचं) रकाना सगळीकडे एकच, 'इन्फॉर्म सुपरवायझर'. मी म्हटलं, ऑडिटर पहिलं बोट इथंच ठेवेल, सुपरवायझरला कळवल्यावर माल कुठं ठेवायचा ते लिहिलेलंच नाही. मग चहा आला. आतच, पण सगळ्यांसोबत.

उद्यापासून तीन महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट आहे. जनरल पाळी. पगार आधीपेक्षा कमी, पुढचं ऑडिट झाल्यावर बोलू म्हणाले. मेट्रोने लोकमान्य नगरपर्यंत आणि पुढे ऑटो, असं जाऊन बघितलं, जमतं.

मामांनी चारही ग्रुपवर अभिनंदन टाकलंय. नंबरासकट.

संत्रा_मार्केट
अभिनंदन ताई! भावाने दोन निरोप पाठवले, एकाचं उत्तर आलं.

शिक्का_मोर्तब
अभिनंदन. आणि तीन महिन्यांनी पगाराचं बोलायला विसरू नका, ते स्वतःहून काढणार नाहीत.

जुना_फोरमन
रविवार, रात्री १०:३०

शाब्बास पोरी. उद्या गेल्याबरोबर गेजची मास्टर लिस्ट माग अन् कपाटातली गेजं मोजून घे. जुळत नसते कधीच. जे जास्तीचं निघेल त्याला लाल टॅग लावून बाजूला ठेव, ऑडिटच्या दिवशी तेच हातात येते.